अहवालाची पत

आंबिया बहाराची तोड सुरू झाली, की नरखेड, काटोल आणि पलीकडच्या वरुड भागातील संत्रा व्यापाऱ्यांच्या आवारात दोन ढीग दिसू लागतात. पहिला ढीग आकाराने सारखा, रंगाने उजळ आणि दूरच्या बाजारपेठांच्या वाटेवर निघालेला. दुसरा ढीग लहान, डागाळलेल्या, सालीला खरचटलेल्या फळांचा. चवीत तो उणा नसतो, पण त्याला भाव नसतो. दर हंगामात या दुसऱ्या ढिगाकडे पाहून कोणाच्या तरी मनात येते, की याचा रस काढणारा कारखाना इथेच का घालू नये? विचार नवा नाही. ‘नोगा’ हे सरबताच्या आणि जॅमच्या बाटल्यांवरचे सुपरिचित नावसुद्धा नागपूरच्या संत्रा बागायतदारांच्या संघटनेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आले आहे.

मग घरात हिशेब मांडला जातो. जागा आपली आहे, माल दारात आहे, रेल्वे स्थानक जवळ आहे, मुलगा शिकून आला आहे. यंत्रसामग्रीचे कोटेशन येते. सनदी लेखापाल पाच वर्षांचे अंदाजपत्रक तयार करतात. फाइल बँकेत जाते आणि तेथे दोन कागदांची मागणी होते. पहिला कागद प्रकल्प अहवालाचा, दुसरा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचा. हे दोन्ही कागद ज्याच्या टेबलावरून जातात तो सल्लागार बहुतेक कुटुंबांना अनोळखी असतो. वैद्याची पारख पिढ्यांच्या अनुभवाने होते, वकिलाची निकालाने होते. पर्यावरण अभियांत्रिकीच्या सल्लागाराची पारख कशाने करावी, हे व्यापारी कुटुंबांना अजून उमगलेले नाही. हा व्यवसाय महाराष्ट्रात कसा वाढला, हे पाहिले तर त्या पारखीचे सूत्र काहीसे हाती लागते.

त्यासाठी पुण्याच्या ‘मिटकॉन’ या संस्थेची वाटचाल उपयोगी आहे. कारण ही संस्था अभियंत्याच्या घरात जन्मली नाही; ती कर्ज देणाऱ्यांच्या घरात जन्मली.

स्वातंत्र्यानंतर उद्योगांना दीर्घ मुदतीचे कर्ज देण्यासाठी १९४८ मध्ये आयएफसीआय, १९५५ मध्ये आयसीआयसीआय आणि १९६४ मध्ये आयडीबीआय या संस्था उभ्या राहिल्या. मोठे उद्योगसमूह आपले अहवाल मुंबई-कोलकात्याच्या नामांकित सल्लागारांकडून करवून घेत. अडचण होती ती तालुक्याच्या गावातून येणाऱ्या अर्जदाराची. त्याच्याजवळ धडाडी असे, थोडेफार भांडवलही असे, पण अहवाल मात्र कोणीतरी टंकलिखित करून दिलेला. नाव आणि गाव बदलले की तोच अहवाल डाळ मिललाही चालावा आणि तेलघाणीलाही. अशा कागदावर कर्ज दिले तर ते बुडण्याची धास्ती, आणि नाकारले तर मागास भागात उद्योग नेण्याचे सरकारी धोरण कागदावरच राहणार. यावर उपाय म्हणून वित्तसंस्थांनी स्वतःच राज्या-राज्यांत तांत्रिक सल्लागार संघटना काढण्याचे ठरवले. पहिली संस्था १९७२ मध्ये केरळात कोची येथे ‘किटको’ नावाने सुरू झाली. महाराष्ट्राची पाळी १९८२ मध्ये आली. आयसीआयसीआय, आयडीबीआय, आयएफसीआय, राज्य शासनाची महामंडळे आणि सार्वजनिक क्षेत्रातील बँका यांनी मिळून मिटकॉनची स्थापना केली. महाराष्ट्रातील औद्योगिक आणि तांत्रिक सल्ला, हेच तिच्या मूळ नावातील आद्याक्षरांत सामावलेले काम होते.

रचना जरा विचित्रच म्हणायची. सावकाराने कर्जदारासाठी मुनीम नेमून द्यावा, तशी. पण याच विचित्रपणात तिचे सामर्थ्य होते. अहवाल लिहिणाऱ्याला ठाऊक होते, की हा कागद शेवटी आपल्याच प्रवर्तक संस्थांच्या टेबलावर जाणार आहे. कर्ज थकले तर प्रश्न आपल्याकडेही वळेल. त्यामुळे यंत्र चालेल का, माल खपेल का आणि कर्ज फिटेल का, हे तीन प्रश्न विचारण्यात कुचराई करून चालणार नव्हते. नवउद्योजकांसाठी प्रशिक्षण वर्ग, बाजारपेठेची पाहणी, आजारी कारखान्यांची तपासणी, बँकांसाठी तांत्रिक-आर्थिक व्यवहार्यतेचे अहवाल, ही अशा संस्थांची रोजची भाकरी होती. त्यात झगमगाट नव्हता. ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ एवढे सांगण्यासाठी माणसे गावोगाव हिंडत.

कारखान्यातून निघणारे पाणी आणि धूर जाणार कुठे, हा चौथा प्रश्न त्या काळच्या प्रकल्प अहवालात जेमतेम अर्धे पान व्यापत असे. ‘सांडपाण्याची योग्य ती विल्हेवाट लावण्यात येईल’ या एका वाक्यावर काम भागे.

वास्तविक चौथ्या प्रश्नाचा अभ्यास महाराष्ट्रात, तोही नरखेडपासून फार दूर नसलेल्या नागपुरात, कितीतरी आधी सुरू झाला होता. १९५८ मध्ये तेथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. सुरुवातीचा रोख पिण्याचे पाणी, मैलापाणी आणि रोगराई यांवर होता. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतर पर्यावरण हा शब्द राज्यकर्त्यांच्या तोंडी रुळला आणि १९७४ मध्ये या संस्थेचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडचे ‘नीरी’, असे झाले. नीरीने या व्यवसायाला परिभाषा, मोजण्याच्या रीती आणि तयार माणसे दिली. संचालकपद भूषविलेले सोली आर्सीवाला पुढे सल्लागार व्यवसायात आले; सांडपाणी शुद्धीकरणावरचा त्यांचा ग्रंथ अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. नीरीच्या अहवालाचे वजन किती असू शकते हे आग्र्याच्या ताजमहाल प्रकरणात दिसले. ताजच्या परिसरातील कोळसा जाळणाऱ्या उद्योगांनी नैसर्गिक वायूकडे वळावे, अन्यथा तेथून हलावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात दिला, तेव्हा त्यामागे नीरीच्या पाहण्यांचा मोठा आधार होता.

मात्र ज्ञान असले म्हणून ग्राहक मिळतोच असे नाही. या व्यवसायाला ग्राहक मिळवून दिला तो कायद्याने. महाराष्ट्राने या बाबतीत केंद्राच्या आधी पाऊल उचलले. राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ चा, आणि त्याखालील मंडळ १९७० मध्ये अस्तित्वात आले. केंद्राचा जल कायदा १९७४ मध्ये आणि हवा कायदा १९८१ मध्ये झाला. तरीही उद्योगजगताने या कायद्यांकडे दुकानाच्या परवान्याइतक्याच गांभीर्याने पाहिले. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये जे घडले त्याने चित्र पालटले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा त्या रात्रीतून जन्मला. आणि २७ जानेवारी १९९४ रोजी केंद्राने अधिसूचना काढून ठरावीक प्रकारच्या मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन सक्तीचे केले. पूर्वी अर्ध्या पानात आटोपणारा चौथा प्रश्न आता शेकडो पानांचा झाला. पुढे १९९७ मध्ये जनसुनावणी आली आणि १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने प्रकल्पांची ‘अ’ आणि ‘ब’ वर्गांत विभागणी करून ‘ब’ वर्गाचे काम राज्यपातळीवरील प्राधिकरणांकडे सोपवले.

मिटकॉनसारख्या संस्थेच्या अंगणात ही वाढ स्वाभाविकपणे आली. ज्या उद्योजकासाठी व्यवहार्यता अहवाल लिहायचा, त्यालाच आता पर्यावरणाचाही अहवाल हवा होता. पर्यावरण व्यवस्थापन आणि अभियांत्रिकी हा संस्थेचा एक प्रमुख विभाग बनला. परंतु ही वाढ म्हणजे कपाटात आणखी एक फाइल ठेवण्याएवढी सोपी गोष्ट नव्हती. व्यवहार्यता अहवालाला एक अभियंता आणि एक वाणिज्य पदवीधर पुरेसा असे. पर्यावरण मूल्यांकनाला हवेचा, पाण्याचा, ध्वनीचा, भूगर्भाचा, मातीचा, वनस्पती-प्राण्यांचा आणि लोकजीवनाचा असे निरनिराळे जाणकार लागतात. शिवाय प्रयोगशाळा लागते. पगाराचा बोजा आधी आणि कामाचे बिल नंतर, हे या धंद्याचे गणित आहे. कायद्यामुळे मागणी वाढली म्हणून महाराष्ट्रात अनेकांनी पाटी लावली, पण माणसे आणि प्रयोगशाळा पोसणे ज्यांना जमले त्याच संस्था टिकल्या.

या कामाचा कणा म्हणजे प्रत्यक्ष मोजणी. प्रस्तावित जागेभोवतीच्या गावांत हवेचे नमुने घेणारी यंत्रे बसवतात. काचतंतूंचा गाळण कागद आधी वजन करून यंत्रात लावायचा, चोवीस तास हवा ओढू द्यायची आणि कागद पुन्हा तोलायचा. दोन वजनांतला फरक म्हणजे त्या गावाच्या हवेतली धूळ. असे आठवड्यातून दोन दिवस, एक पूर्ण हंगामभर, म्हणजे सुमारे तीन महिने. पावसाळा यात धरत नाहीत, कारण पाऊस हवा धुऊन टाकतो आणि आकडे फसवे येतात. विहिरींचे पाणी बाटल्यांत भरून, बर्फाच्या पेटीत ठेवून वेळेत प्रयोगशाळेत न्यावे लागते. गावात वीज गेली की यंत्र थांबते आणि तो दिवस पुन्हा भरून काढावा लागतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही गोदामातील मालाची तपासणी आहे. पोती मोजायला गोदामात जायचे की साठा-पत्रकावरचा आकडा उतरवून घ्यायचा, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी सारखाच उभा राहतो. वाहीतला आकडा उतरवून घेणारे दोन्हीकडे असतात.

आणि येथेच या व्यवसायाचे जुने दुखणे आहे. ज्याच्या कारखान्याविषयी लिहायचे तोच लिहिणाऱ्याला पैसे देतो. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या मूल्यांकन अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालाचे उतारेच्या उतारे आढळले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याचा बराच गाजावाजा केला. कोकणच्या लाल मातीवर उत्तरेच्या थंड प्रदेशातली वनसंपदा अवतरली होती. हसण्यावारी न्यावे असे हे प्रकरण नव्हते. ज्या गावाच्या झऱ्याविषयी तो अहवाल होता त्या गावाचा झरा त्यात कोणी पाहिलाच नव्हता. केंद्रीय पर्यावरण मंत्री असताना जयराम रमेश यांनी अशा नकलून जोडलेल्या अहवालांविषयी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. २०१० च्या सुमारास सल्लागार संस्थांना भारतीय गुणवत्ता परिषदेच्या ‘नॅबेट’ मंडळाचे अधिमान्यता प्रमाणपत्र बंधनकारक झाले. कोणत्या संस्थेने कोणत्या क्षेत्रातील प्रकल्पांचे अहवाल करावेत आणि तिच्याकडे कोणकोणते तज्ज्ञ आहेत, याची नोंद त्यामुळे होऊ लागली. मिटकॉन ही अशी अधिमान्यता मिळवलेल्या संस्थांपैकी एक. शिवाय २००६ च्या अधिसूचनेनुसार जाणूनबुजून खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्यास दिलेली मंजुरीसुद्धा रद्द होऊ शकते.

अधिमान्यतेने भुरटे सल्लागार कमी झाले, हे खरे. पण दुखण्याचे मूळ तिने काढले असे म्हणता येणार नाही. बँकेच्या पद्धतीशी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. तारण मालमत्तेचे मूल्यांकन किंवा व्यवहार्यतेचा अहवाल यांचे शुल्क बहुधा कर्जदाराच्याच खात्यातून जाते. पण मूल्यांकनकर्ता बँक आपल्या यादीतून निवडते, आणि अहवाल बँकेकडे येतो. म्हणजे पैसे एकाचे, निवड दुसऱ्याची. पर्यावरणाच्या अहवालात पैसेही उद्योजकाचे आणि निवडही त्याचीच. सल्लागाराने नको ते लिहिले तर पुढच्या वेळी दुसरा सल्लागार निवडायला तो मोकळा असतो. म्हणून मिटकॉनचा वित्तसंस्थांच्या घरातला जन्म महत्त्वाचा ठरतो. ज्या संस्थेला उद्या पुन्हा त्याच बँकेपुढे उभे राहायचे आहे, तिला एका अशिलाच्या समाधानासाठी आपली पत घालवणे परवडत नाही.

वाढीच्या वाटेवर आणखी दोन वळणे आली. पहिले साखर कारखान्यांच्या बगॅसचे. उसाचा रस काढल्यावर उरलेला चोथा पूर्वी कमी दाबाच्या बॉयलरमध्ये कसाबसा जाळून संपवला जाई. तो संपवण्यासाठीच जणू बॉयलर होता. उच्च दाबाचे बॉयलर आणि योग्य टर्बाइन बसवले तर तेवढ्याच चोथ्यातून कारखान्याची गरज भागवून वीज विकता येते, हे गणित २००३ च्या वीज कायद्याच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रातील सहकारी कारखान्यांना पटू लागले. सहवीजनिर्मितीच्या या प्रकल्पांत मिटकॉनने सल्लागार म्हणून नाव कमावले. येथे बँक, अभियांत्रिकी आणि पर्यावरण अशा तिन्ही बाजू एकाच अहवालात येत होत्या, आणि हेच तिचे घरचे मैदान होते.

दुसरे वळण कार्बन पतपत्रांचे. क्योटो करार फेब्रुवारी २००५ मध्ये अमलात आला आणि धूर कमी केल्याची प्रमाणपत्रे युरोपात विकता येऊ लागली. पवनचक्क्या, सहवीजनिर्मिती, बायोगॅस अशा प्रकल्पांच्या नोंदणीसाठी सल्लागारांकडे रांग लागली. काही वर्षे ही जिन्नस सोयाबीनच्या वायद्यासारखी चढली, आणि २०१२ अखेरीस तिचा भाव एका युरोच्याही खाली आला. ज्यांनी केवळ याच कामावर कचेऱ्या वाढवल्या होत्या त्यांची धांदल उडाली. मिटकॉनकडे ऊर्जा लेखापरीक्षण, पर्यावरण, बँकिंग आणि प्रशिक्षण अशा अनेक डहाळ्या होत्या. एक वाळली तर झाड उभे राहणार होते. व्यापारात ज्याला एका मालावर सगळी रक्कम न लावणे म्हणतात, तेच हे.

२०१३ मध्ये मिटकॉनचे समभाग राष्ट्रीय शेअर बाजाराच्या लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या ‘इमर्ज’ मंचावर दाखल झाले. सरकारी वित्तसंस्थांनी सामाजिक हेतूने काढलेली सल्लागार संस्था भागधारकांची कंपनी झाली. पुढे तिने उपकंपन्या काढल्या, स्वच्छ ऊर्जेच्या प्रकल्पांत स्वतःही गुंतवणूक केली. या संक्रमणाकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. भांडवल आले, व्याप वाढला, चांगली माणसे टिकवण्याची सोय झाली. पण भागधारकाला दर तिमाहीला नफा हवा असतो, आणि ‘हा प्रकल्प करू नका’ असा सल्ला तिमाहीच्या नफ्यात भर घालत नाही. सल्लागार संस्थेची खरी मिळकत कधीकधी तिने न लिहिलेल्या अहवालांत असते. तिचा रकाना ताळेबंदात नाही.

दरम्यान नागपूरने पर्यावरण अभियांत्रिकीचा एक मोठा व्यवहार करून दाखवला. महापालिका आणि राज्याची वीजनिर्मिती कंपनी महाजेनको यांच्यात २००८ मध्ये करार झाला. शहराचे मैलापाणी भांडेवाडी येथे शुद्ध करायचे आणि ते कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला द्यायचे. त्यासाठी दररोज १३ कोटी लिटर क्षमतेचे केंद्र उभे राहिले. वीज केंद्राला लागणारे पाणी मैलापाण्यातून भागले, म्हणून धरणातले तेवढे पाणी शहराच्या पिण्यासाठी मोकळे राहिले. नाग नदीत सोडून देण्याच्या पाण्याला गिऱ्हाईक मिळाले. ज्याला टाकाऊ म्हणून पैसे देऊन बाहेर काढायचे, त्याचे पैसे घ्यायचे, हा हिशेब व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

आता पुन्हा नरखेडच्या त्या दुसऱ्या ढिगाकडे. संत्र्याचा रस काढणाऱ्या लहान कारखान्याला २००६ च्या अधिसूचनेखालील मोठे पर्यावरण मूल्यांकन लागत नाही. हे आधीच माहीत असलेले बरे, कारण अनावश्यक अहवालाची भीती घालणारेही या बाजारात आहेत. लागते ती प्रदूषण मंडळाची स्थापनेची संमती आणि मग कारखाना चालवण्याची संमती. केंद्रीय मंडळाने २०१६ मध्ये उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा अशी वर्गवारी लागू केली. डाळ मिल त्यात हिरव्या गटात आली, आणि फळ प्रक्रिया उद्योग योगायोगाने नारिंगी गटात. म्हणजे डाळ मिल चालवलेल्या कुटुंबाने तोच अनुभव गाठीशी धरून रसाचा कारखाना काढला, तर सांडपाण्याच्या बाबतीत त्याची फसगत होण्याचा संभव अधिक. डाळ मिलमध्ये धूळ असते. रसाच्या कारखान्यात प्रश्न पाण्याचा असतो.

संत्र्याच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग साल, चोथा आणि बिया यांत जातो. फळे धुतलेले, यंत्रे आणि फरशी धुतलेले पाणी आंबट आणि साखरेने भरलेले असते. ते किती घातक हे मोजण्याची रीत म्हणजे जैविक प्राणवायूची गरज. पाण्याचा नमुना २७ अंश तापमानाला तीन दिवस बंद ठेवायचा आणि त्यातील सूक्ष्म जीवांनी किती प्राणवायू वापरला ते पाहायचे. पाणी गाळून पिणाऱ्या घरांना पाण्यात जीव असतो हे कोणी शिकवावे लागत नाही. येथे त्या जीवांच्या श्वासावरूनच पाण्याची परीक्षा होते. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी ही गरज लिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये, शेतीला द्यायच्या पाण्यासाठी १०० पेक्षा. फळ प्रक्रियेच्या सांडपाण्यात हा आकडा हजारांत जाऊ शकतो. असे पाणी नाल्यात गेले तर खालच्या अंगाचे मासे गुदमरून मरतात. त्यात संत्र्याचे स्वतःचे एक खोचक वैशिष्ट्य आहे. सालीतले सुगंधी तेल सूक्ष्म जीवांना मारक असते. ते आधी वेगळे काढले नाही तर बायोगॅसची टाकी सुरूच होत नाही, आणि यंत्र विकणाऱ्याने दिलेले दुधाच्या डेअरीचे किंवा टोमॅटोच्या कारखान्याचे आराखडे येथे निरुपयोगी ठरतात. तेल वेगळे काढले तर तेही विकले जाते, आणि साल वाळवून जनावरांच्या खाद्यात जाते. चांगला सल्लागार येथे आपली फी वसूल करून देतो.

येणाऱ्या पाण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. नरखेड-काटोल-वरुड हा सारा पट्टा संत्र्याच्या बागांसाठी जमिनीखालचे पाणी उपसत आला आहे, आणि विहिरींच्या जागी खोल कूपनलिका आल्या आहेत. कारखान्याचा मुख्य हंगाम संपतो आणि उन्हाळा लागतो. शेजारच्या बागेला पाणी कमी पडले की बोट कारखान्याच्या बोअरकडे वळणार. प्रकल्प अहवालात ‘पाणी उपलब्ध’ असे दोन शब्द असतात. ते कोणत्या महिन्यातल्या पाहणीवरून लिहिले, हे विचारण्याचा अधिकार पैसे देणाऱ्या कुटुंबाला आहे. जागेविषयीही तेच. तालुक्याच्या कडेने वर्धा नदी वाहते. ३० जुलै १९९१ रोजी तिच्या पुराने मोवाड गाव उद्ध्वस्त केले आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. गाव पुढे नव्या जागी वसवावे लागले. त्या तालुक्यात नदीजवळची सपाट, स्वस्त जमीन कारखान्यासाठी सुचवणाऱ्या सल्लागाराने पूररेषा पाहिली आहे का, हा प्रश्न तेथील वृद्धांना सुचेल. तो अहवालात असतोच असे नाही.

संमती मिळाली, कारखाना सुरू झाला, म्हणजे सल्लागाराचे काम संपले, अशी समजूत आढळते. प्रत्यक्षात संमतीला अटी जोडलेल्या असतात. शुद्धीकरणाच्या टाकीत हवा भरणारा पंप रात्री वीज वाचवण्यासाठी बंद ठेवला, की आतले जीव दोन दिवसांत मरतात आणि नवे तयार व्हायला आठवडे लागतात. त्या आठवड्यांत पाणी नाल्यातच जाते. टाकी बांधून देणारा ठेकेदार तोवर पुढच्या गावी गेलेला असतो.

पर्यावरण संरक्षण नियमांनुसार संमती घेतलेल्या उद्योगाने दरवर्षी नमुना ‘पाच’ मध्ये पर्यावरण विवरणपत्र मंडळाला सादर करायचे असते. ३१ मार्चला संपलेल्या वर्षात किती पाणी वापरले, एक टन मालामागे ते किती पडले, कच्चा माल किती लागला, पाण्यातून आणि हवेतून काय बाहेर गेले, घन कचरा किती निघाला आणि कोठे गेला, असा त्याचा तपशील असतो. कापडात, किराण्यात किंवा डाळीत ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना हा नमुना अपरिचित वाटणार नाही. ही आवक-जावकच आहे. बहुतेक ठिकाणी तो गेल्या वर्षीच्या प्रतीवर तारीख बदलून पाठवला जातो. तो भरण्याची शेवटची तारीख ३० सप्टेंबर आहे. आयकराच्या लेखापरीक्षणासाठी त्याच दिवसांत व्यापारी घराच्या पेढीवर वर्षाच्या वह्या उघडलेल्या असतात.